भीमराजचा उंदीर

जानेवारीत भीमराजला सर्दी झाली. ती ओसरली आणि घरात उंदीर मेला. निदान भीमराजचं तसं म्हणणं होतं.

भीमराज कुरुळीचा. घरची थोडी शेती, शिवाय निघोज्याजवळच्या एका कंपनीत तो फोर्कलिफ्ट चालवायचा. शिफ्ट करून घरी आला की बूट काढता काढताच नाक वर करून म्हणायचा, "मेलाय. इथंच कुठंतरी मेलाय."

"कोण रं?" त्याची आई केसरबाई पहिल्या दिवशी दचकलीच.

"उंदीर!"

"मला तर काय बी वास येत न्हाई," बायको नीला म्हणाली.

"तुला सवय झालीय."

हे बोलायला नको होतं. नीलानं दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला आणि घरात उदाचा एवढा धूर केला की केसरबाई खोकत अंगणात जाऊन बसली. भीमराज धुरातच शोधत राहिला. त्यानं कपाट सरकवलं, फ्रिज ओढला, माळा रिकामा केला. एक चमचा सापडला, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका सापडली. उंदीर नाही.

मग त्यानं मागच्या खोलीतल्या भाडेकरूला धरलं. हा खंडू नांदेडकडचा, बिचारा शांत माणूस.

"तुझ्या मोरीतनं वास येतोय."

"भाऊ, मी रोज फिनाईल टाकायलो की! तुम्हीच या, बघा." भीमराज गेला, मोरीवर वाकला. वास होताच. "बघ!" तो ओरडला. खंडूनं वाकून वाकून हुंगलं आणि गोंधळून म्हणाला, "फिनाईलचा यायलाय."

पण उंदीर कंपनीतही आला तेव्हा भीमराज चक्रावला. त्यानं डब्याची पिशवी झटकली, बूट उन्हात टाकले. मोटारसायकलवर भर वाऱ्यातही वास सोबत होता. पुढे वाकून पाहिलं की तर जास्तच यायचा.

अशातच पुतण्याचा, ज्ञानेशचा, साखरपुडा आला. दिघीला हॉल घेतला होता. भीमराज चुलता, म्हणून पुढच्या सोफ्यावर. स्टेजवर अंगठ्या निघाल्या, फोटोवाला सरसावला, आणि भीमराज एकदम उठून उभा राहिला.

"थांबा! स्टेजखाली उंदीर मेलाय!"

पुढच्या दोन रांगा उठल्या. बायकांनी पदर नाकाला लावले. हॉलच्या माणसांनी गालिचा उचलला, एक जण मोबाईलची बॅटरी लावून स्टेजखाली शिरला. नवरी खुर्चीवर चढली.

"उंदीर न्हाई!" आतून आवाज आला. "फुगे हायत!"

सगळा हॉल हसत सुटला. नीलाला हसू आवरेना आणि रागही आवरेना. "महिना झाला," ती नवरीच्या आईला सांगू लागली, "ह्यांचा उंदीर जिथं तिथं बरोबर येतोय."

हे नवरीच्या मावसबहिणीनं ऐकलं. तिचं नाव आरोही, भोसरीत नाक-कान-घशाची डॉक्टर. ती जरीच्या साडीत लगबगीनं पुढे आली.

"काका, उजवी नाकपुडी दाबा. आता वास घ्या."

भीमराजनं दाबली. श्वास घेतला. "येतोय."

"आता डावी."

त्यानं डावी दाबली, आणि त्याचे डोळे मोठे झाले. पुन्हा उजवी. पुन्हा डावी. "आयला! गेला! ... आला! ... गेला!" तो लहान पोरासारखा हसायला लागला. बघता बघता अर्धा हॉल आपापल्या नाकपुड्या दाबून बघू लागला. गुरुजीसुद्धा.

"डाव्या बाजूची वरची दाढ कधी दुखली होती?" आरोहीनं विचारलं.

"दिवाळीत लई ठणकली. मग आपोआप थांबली."

"थांबली नाही, तिनं मार्ग काढला. गालाच्या हाडात पोकळी असते, तिला सायनस म्हणतात. वरच्या दाढांची मुळं तिच्या अगदी तळाशी असतात. किडलेल्या दाढेतला पू वर गेला असणार. तो वास फक्त तुम्हालाच येतो."

"म्हंजी उंदीर ह्याच्या गालात हाय व्हय?" केसरबाईनं विचारलं. पुन्हा हशा.

"माझं बी सायनसच की," एक आत्या पुढे सरकली. "सर्दी झाली की कपाळ जड होतं."

"ते साध्या सर्दीचं. ते बहुतेक आठ-दहा दिवसांत आपसूक बरं होतं. काहींचं तीन महिने झाले तरी नाक गच्चच राहतं, वास कळेनासा होतो, त्याचे उपचार वेगळे. एखाद्याच्या सायनसमध्ये बुरशी धरते, त्याचे आणखी वेगळे. पण एकाच बाजूला असा कुजका वास आला की मी आधी दात बघते. आत्या, तुम्ही उद्या या. आधी अंगठ्या घालू द्या त्यांना!"

नवरी खुर्चीवरून उतरली. अंगठ्या झाल्या, पेढे झाले.

सोमवारी स्कॅन केला. डावीकडची पोकळी भरलेली आणि तिच्याखाली एक दाढ पार पोखरलेली. आरोहीनं औषधं दिली, मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला शिकवलं आणि त्याला दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. दाढ काढताना भीमराज घाबरला होता, पण निघालेली दाढ बघायला मागे सरला नाही.

वास एका दिवसात गेला नाही. थोडा थोडा विरत गेला. आणि एका दुपारी शिफ्ट सुटल्यावर चाकण रस्त्याला सिग्नलपाशी त्यानं गाडी थांबवली, तर नाकात एकदम कांदाभजी शिरली. नुसती भजी. मग ओली माती, शेजारच्या टेम्पोतली कोथिंबीर, कुणाच्या तरी डोक्यातलं तेल. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजले.

"ओ दादा, चला की!"

भीमराजनं गाडी कडेला घेतली, भजीच्या गाडीपुढे जाऊन उभा राहिला आणि डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला.

"किती प्लेट, भाऊ?" भजीवाल्यानं विचारलं.

"थांब जरा," भीमराज म्हणाला. "आधी वास तर घेऊ दे." आणि त्याला एवढं हसू आलं की भजीवालाही झारा हातात धरून उगाचच हसायला लागला.