खंडेनवमीचा व्हॉल्व

प्रदूषण मंडळाचा नियम साधा होता: कारखान्याचं सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाक्यांतूनच जाईल; टाक्या चुकवून पाणी थेट नाल्यात सोडणारा बायपासचा व्हॉल्व उघडला, तर केमिस्टने त्याच दिवशी लेखी कळवायचं. देवासच्या त्या कापड रंगवायच्या कारखान्यात केमिस्ट म्हणजे रत्नाकर. तीन वर्षं व्हॉल्व रोज उघडत होता आणि रत्नाकर रोज मंडळाच्या फॉर्मवर 'बंद' लिहीत होता. मग नाल्यावरच्या म्हशी जांभळ्या झाल्या. "यापुढे खरं लिहिणार," त्याने बायकोला, सुनेत्राला सांगितलं. ती म्हणाली, "लिहा. नोकरी गेली की माझ्या माहेरी खातेगावला सोयाबीन कापू."

त्र्याऐंशीची खंडेनवमी. पूजलेल्या अवजाराला त्या दिवशी हात लावायचा नसतो, आणि ऑर्डर तर अर्जंट. मॅनेजर जयसिंगराव म्हाताऱ्या फिटर विठोबाला म्हणाले, "भिया, मशीनं चालू राहणार. जे आज बंद असेल, त्याचीच पूजा कर."

दुपारी सांडपाण्याची टाकी काठोकाठ भरली. जयसिंगराव व्हॉल्व उघडवायला आले आणि थबकले. व्हॉल्वच्या चाकाला झेंडूचा हार, हळदीकुंकू, पुढे नारळ.

"विठोबा, ये क्या कर डाला?"

"साहेब, सगळा कारखाना हिंडलो. 'बंद' लिहिलेलं एकच सापडलं." विठोबाने भिंतीवरची पाटी दाखवली: बायपास कायम बंद.

जयसिंगरावांनी हात पुढे केला, मागे घेतला, बूट काढले, पुन्हा हात पुढे केला. खानदानी मराठा माणूस. हात हाराच्या अलीकडेच थांबला. "रत्नाकर, तुम्ही उघडा."

"उघडतो. पण मंडळाला आजच कळवीन," रत्नाकर म्हणाला. आवाज आपलाच आहे का, हे त्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

जयसिंगरावांनी त्याच्याकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं. मग खेकसले, "रंगखाता बंद करो! और वो हवेवाली मशीन चलाओ, चलती हो तो!"

टाक्यांत हवा सोडणारी, तीन वर्षं कुणी हात न लावलेली ती मशीन चालली. तिच्या शेडमधून उडालेल्या कबुतरांना जास्त धक्का बसला की रत्नाकरला, सांगणं कठीण. टाक्या फेसाळल्या, उकळल्यासारख्या घुसळल्या, आणि दिवेलागणीला शेवटच्या पाइपातून पाणी पडू लागलं. फिक्या चहाएवढंच पिवळं. तळाचे खडे दिसत होते.

तिघंही वाकून उभे. जयसिंगरावांनी ओंजळ धरली.

"हे आपलं आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"आपलंच, साहेब," रत्नाकर म्हणाला. तीन वर्षं या पाण्याचे आकडे तोच लिहीत होता. पाणी आज पहिल्यांदा पाहिलं.

त्याने फॉर्मवर 'बायपास बंद' लिहिलं. खरं लिहायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला.