चौथा दांडा

वहिनींना जुनी जीप विकत घेऊन स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायची होती आणि घरात त्यांच्या बाजूने कुणी नव्हतं. नवऱ्याने "तुझं तू बघ" म्हणत हात वर केले. सासूबाईंनी विचारलं, "त्यापेक्षा चालणारी नाही का मिळत?" वहिनी दातांच्या डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात बोटभर जागेत काम करून करून त्यांना आता काहीतरी ऐसपैस उघडून बघायचं होतं.

शेवटी धाकट्या दिराला सोबत धाडायचं ठरलं. तो विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या तपासायचा. गाडीभोवती एक चक्कर मारली की 'भंगारात काढा' हा याचा निकाल तयार, म्हणून घरात त्याचं नाव 'टोटल लॉस' पडलं होतं. त्याला कशासाठी पाठवलंय, हे वहिनींना न कळायला त्या दूधखुळ्या नव्हत्या.

जीप एका बैठ्या घरामागच्या शेडमध्ये उभी होती. मालक गुरांचे डॉक्टर, आता निवृत्त. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून त्यांना क्लच दाबवत नव्हता.

"तुम्ही माणसांच्या, मी गुरांचा," ते वहिनींना म्हणाले. "तोंडात हात घालायची भीती दोघांनाही नाही. बघा निवांत, चावत नाही ती."

दिराने चक्कर मारली, मागच्या कोपऱ्याला खिशातलं लोहचुंबक लावलं. ते टपकन खाली पडलं.

"वहिनी, चला घरी."

"एवढ्यात?"

"पुट्टीवर रंग, रंगावर पुट्टी. आत पत्रा आहे की पत्र्याची नुसती आठवण, देव जाणे."

वहिनींनी पोतं अंथरलं आणि सरळ जीपखाली शिरल्या. दाताला दात ठोकून बघावा तशा लहानशा हातोडीने चासीवर पुढून मागे ठोकत गेल्या. टण, टण, टण. मागच्या स्प्रिंगजवळ आवाज बसला. तिथला गंज नखाने खरवडला तर पापुद्रे हातात आले.

"भावजी, इथे कीड आहे," त्या खालूनच म्हणाल्या. "पण वरवरची नाही म्हटलं, तरी मुळाशी गेलेली नाही. तेवढा तुकडा कापून नवा जोडता येईल."

"जुनी गाडी घेणाऱ्या सगळ्यांना असंच वाटतं," दीर म्हणाला. पण पँट सांभाळत तोही वाकला आणि बघू लागला.

मग इंजिनातलं तेल पाहिलं. काळंकुट्ट होतं, पण दुधाळ नव्हतं. पाणी शिरलेलं नव्हतं. दिराने नुसतं "हं" केलं. पुढचं एक चाक जॅकवर उचललं, तर ते हाताने गरगर फिरलं. वहिनींनी चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला आणि चाक जागच्या जागी गच्च अडलं. दोघांनी मिळून जोर लावला तरी हलेना.

"हे मात्र शाबूत आहे," दीर जरा नाखुशीनेच बोलला.

वहिनी आत बसून दांडे बघत होत्या. एक गिअरचा. एक चारही चाकांचा. एक चढासाठी, जास्त ताकदीचा. आणि त्यांच्या शेजारी अजून एक, आखूड, रबरी मूठ जशीच्या तशी कोरी.

"काका, हा कशाचा?"

गुरांच्या डॉक्टरांनी कान खाजवला. "ते मलाही माहीत नाही. ज्या कंत्राटदाराकडून घेतली, तो म्हणाला, याला हात लावू नका. नाही लावला."

"कधीच?"

"अहो, अडलेल्या गाईकडे निघालेला माणूस. वाटेत प्रयोग कुठे करू?"

आता दिरालाच राहवेना. तो आडवा होऊन टॉर्च घेऊन आत सरकला आणि बराच वेळ त्याचे फक्त बूट दिसत राहिले. "वहिनी, या दांड्यापासून एक वेगळा लोखंडी दंड निघालाय. पार मागेपर्यंत जातोय. चाकांशी त्याचा संबंधच नाही!" जीपच्या शेपटीशी मातीने भरलेलं एक झाकण होतं. ते खरवडून काढलं, तर आत दातेरी टोक. ग्रीसमध्ये बुडालेलं, नव्यासारखं चकचकीत.

सोबत आणलेली बॅटरी जोडली, डब्यातलं पेट्रोल ओतलं. इंजिन खोकलं, रुसलं, आणि मग शेड धुराने भरून टाकत सुरू झालं. वहिनींनी चाकांचा जोर तोडला, चौथा दांडा ओढला, गिअर टाकून क्लच हळूच सोडला. जीप तसूभरही हलली नाही. मागचं टोक मात्र शांतपणे फिरू लागलं.

"फिरतंय! फिरतंय हो!" दीर ओरडला.

गुरांचे डॉक्टर काठी टेकत मागे आले आणि बघतच राहिले. "म्हणजे मी एवढी वर्षं अख्खं यंत्र घेऊन हिंडत होतो?"

"पाण्याचा पंप, लाकडाची करवत, काहीही चालवता येतं याच्यावर," दीर म्हणाला. "फक्त पट्ट्याचं चाक लागेल, मधोमध खाचांचं."

आवाज ऐकून घरातून काकू आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खाचांचं? भलंमोठं लोखंडी? जीपसोबत आलेलं ते तर न्हाणीमागे माझ्या पिंपाखाली आहे."

सगळे तिकडे धावले, गुडघे विसरून डॉक्टरसुद्धा. पिंप रिकामं केलं, तिरकं केलं, आणि दिराने ते जडशीळ चाक गडगडत आणलं. टोकावर चढवताच ते ठक्‌ करून बसलं.

काकू म्हणाल्या, "जीप खुशाल न्या. पण माझं पिंप आता कशावर ठेवू?"

"पुढच्या रविवारी जीप न्यायला येतो, तेव्हा घडवंची घेऊन येतो," दीर म्हणाला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की व्यवहार आपणच ठरवून टाकला. वहिनींनी हसू दाबलं आणि डॉक्टरांशी रकमेचं बोलून घेतलं.

परतताना वहिनी घरची गाडी चालवत होत्या आणि दीर अखंड बोलत होता. चासी कुठे जोडायची, तसला पट्टा कुठे मिळेल. मध्येच तो थांबला.

"वहिनी, पण त्या कंत्राटदाराने हात लावू नका असं का सांगितलं असेल?"

"त्यालाही माहीत नसेल."

"छे! त्यावर तो करवत चालवत असणार. मी सांगतो, करवतच."

"पंप," वहिनी म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत दोघं त्यावरून भांडत राहिले.