पंधरा मिनिटांवरचं सासर

लातूरच्या वाटेवर मुरूडच्या अलीकडं बस बंद पडली तेव्हा हमिदाबीनं नवऱ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मांडीवरचा बांगड्यांचा डबा तिनं नुसता घट्ट धरला. ती भांडली असती तर गफारला बरं वाटलं असतं.

गफार धाराशिवच्या विमानतळावर रखवालदार. विमानतळ म्हणजे एक लांबलचक धावपट्टी, कुंपण आणि त्या कुंपणाला दाद न देणाऱ्या शेळ्या. शिकाऊ पोरं छोटी विमानं उडवायची आणि गफार त्यांच्यासाठी शेळ्या हाकायचा. मुलीला, शबनमला, लातूरच्या विमानतळाशेजारच्या गावातलं स्थळ आलं, तेव्हा पोर लांब जाते म्हणून हमिदाबी अडून बसली होती. गफारनं एका शिकाऊ वैमानिकाला विचारलं आणि भर बैठकीत ठोकून दिलं, "ह्या विमानतळावरनं त्या विमानतळावर पंधरा मिनिटं." सगळे हसले, लग्न ठरलं. त्यात हसण्यासारखं काय होतं ते गफारला कळलं नाही. स्वतः तो विमानात कधी बसला नव्हता, पण ही बाब त्याला किरकोळ वाटायची.

आज शबनमचा सातवासा. सातव्या महिन्यात माहेरच्यांनी बांगड्या भरायच्या, पहिला घास भरवायचा आणि तोवर पोटुशीनं जेवायचं नाही, अशी तिच्या सासरची रीत. दुपारच्या आत पोचायला हवं होतं. हमिदाबी पहाटेपासून तयार होऊन दारात उभी होती आणि गफार "पंधरा मिनिटं तर हायत" म्हणत शेळ्यांमागं पळत होता. मग जीप, मग स्टँडवर बसची वाट, आणि आता हे.

ड्रायव्हर इंजिनात डोकं घालून उभा होता, तेवढ्यात धाराशिवकडचंच एक विमान घरघर करत डोक्यावरून लातूरकडं गेलं. गफारचा चेहरा सवयीनं उजळला.

"बघ, आता पोचतंय बी."

"त्येच्यात बांगड्या तरी टाकायच्या हुत्या," हमिदाबी म्हणाली. "मानसं ऱ्हाऊंद्या."

मागून आलेल्या बसनं ते उभ्यानं लातूरला पोचले. विमानतळाकडं जायचंय म्हटल्यावर रिक्षावाल्यानं पिशव्या उचलत, विमान किती वाजता आहे, असं अदबीनं विचारलं. हमिदाबीनं कपाळाला हात लावला.

ते पोचले तेव्हा उन्हं कलली होती. पाहुणे जेवून गेले होते, मांडवात पोरं खुर्च्या गोळा करत होती. विहीणबाई रुकसाना दारातच उभ्या होत्या.

"काय समधीसाब, विमान उशिरा उतरलं व्हय?"

गफारला तोंड लपवायला जागा नव्हती. तेवढ्यात आतून शबनमनंच सासूला हाक दिली.

"अम्मी, मी आत्ताच तर आवरून बसले. उशीर माझाच झाला. अब्बा येळंवरच आले."

तिच्या केसांतला गजरा पार सुकून गेला होता. सासूनं तो पाहिला आणि ती ताट वाढायला आत गेली. हमिदाबीनं बांगड्या भरल्या आणि घास भरवायला नवऱ्यालाच पुढं ढकललं.

"लई भूक न्हाय मला," शबनम सासूला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली.

गफारनं पहिला घास दिला. दुसऱ्यासाठी तो हात उचलतोय तोवर तिनं त्याचं मनगटच धरलं आणि घास ओढून घेतला. तिसराही तसाच. गफारनं पुढचा घास मोठा केला.

"लांब दिली म्या तुला," तो हळूच म्हणाला.

तोंड भरलेलं असल्यामुळं शबनमला 'न्हाय' म्हणता आलं नाही. तिनं नुसती आडवी मान हलवली आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.