बिनतिखटाचा झुणका

अकोल्याच्या चर्चमध्ये रविवारी साक्ष देतात. देवानं आपल्यासाठी काय केलं, ते उभं राहून साऱ्यायले सांगायचं. त्या रविवारी माह्या नवऱ्याची, जानरावची पाळी होती. मी दर्यापूरवरून मुद्दाम आली होती.

दारूपायी मीच त्याले घराबाहेर काढलं होतं. मग तो अकोल्याच्या बसस्टँडवर पडून राहे. पास्टरनं त्याले तिथून उचललं, दारू सोडणाऱ्यायच्या गटात बसवलं. आता तो दारूले शिवत नाही. खोटं कावून बोलू, हे चर्चनंच केलं.

जानराव उभा राहिला. "जगात मले कोणी नव्हतं," तो म्हणाला. "पण दर शनिवारी रात्री जाग आली की उशाशी भाकर अन् झुणका सापडे. झुणक्यात तिखट नसे. माहं तोंड आलं होतं, हे देवाशिवाय कोणाले माहीत? येशूच ठेवून जाये."

"हालेलुया," सारे म्हणाले.

शनिवारी कामावरून सुटली की मी बसनं अकोल्याले जाये. तो झोपेत असतानाच भाकर-झुणका उशाशी ठेवे. दारूनं त्याचं तोंड येते, हे मले घरापासूनच माहीत होतं. जागा असला की तो मले मारे.

पास्टरनं मलेही साक्षीले उभं केलं. मी म्हटलं, "भाकर माही होती. तिखटही मीच टाकत नव्हती."

जानराव खाली पाहून राहिला. मग पास्टर हसले. "ताई, प्रभूनंच ती तुमच्या हातानं ठेवली."

"हालेलुया," सारे म्हणाले. सगळ्यात जोरात जानराव.