खोटं मशीन म्हणे!

मी व्हॉल्व्ह टेस्टर बोलतोय. हो, तोच, ज्याच्या कपाळावर काल खडूने 'खराब' लिहिलं. जळगावात नीलेशच्या जुन्या रेडिओंच्या दुकानात, कूलरच्या मागे जमिनीवर पडलोय. माझं डोकं फिरलेलं आहे, तेव्हा बोलण्यात गोडवा शोधू नका.

जुन्या रेडिओत आणि भोंग्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असतात. आतली तार तापून लाल झाली की ते काम करतात. कुठल्या व्हॉल्व्हमध्ये किती दम उरलाय ते माझा काटा दाखवतो. हिरव्या पट्टीत गेला तर चांगला, लाल पट्टीत पडून राहिला तर संपला.

मला कारखान्यात कुणी बनवलं नाही. अमळनेरच्या नूर महंमद मिस्त्रींनी घरी बनवलं. पत्रा तेलाच्या डब्याचा, ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळलेला, काटा एका मोडक्या मीटरचा. झाकणावर त्यांनी निळ्या रंगाने स्वतःचं नाव लिहिलं. शेजारी हसले, "चाचा, डब्यावर कशाला नाव?" तर म्हणाले, "उद्या कुणाला वाटलं हा खोटं दाखवतो, तर भांडायला माझ्याकडे यावं ना!"

आम्हा घरगुती मशीनांचं एक दुखणं असतं. लाईट कमी आली की व्हॉल्व्ह पुरता तापत नाही आणि काटा वर चढत नाही. लाईट जास्त आली की मरायला टेकलेला व्हॉल्व्हसुद्धा उड्या मारतो. म्हणून मिस्त्रींनी मला एक बटण दिलं होतं. आधी लाईट बघायची, बटण फिरवून ती बरोबर खुणेवर आणायची, व्हॉल्व्ह लावला की पुन्हा बघायची, तो नीट तापू द्यायचा, आणि मगच काट्याकडे बघायचं. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणायचे, "बसा भाऊ, चहा घ्या. थंड तव्यावर भाकर टाकून भाकरीला नावं ठेवायची का?"

पुढे त्यांचे हात थरथरू लागले आणि त्यांनी मला नीलेशला देऊन टाकलं. देताना बटणाचं सगळं समजावलं. नीलेशने मान डोलावली. त्याला समजलं नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. चांगलं समजलं! जळगावला आल्याबरोबर त्याने पकडीने ते बटण उपटून फेकलं.

का, ते ऐका. उन्हाळ्याच्या दुपारी गल्लीभर कूलर चालू असतात, लाईट पार मरगळलेली असते. कुणी व्हॉल्व्ह विकायला आलं की हा दुपारीच तपासणार. काटा लाल पट्टीत. "गेलाय हो, भंगारात द्या." मग भंगाराच्या भावाने घेतलेला तोच व्हॉल्व्ह भल्या सकाळी, लाईट जोरात असताना पुन्हा माझ्यावर लावणार आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून पुण्या-मुंबईच्या शौकिनांना पाठवणार. काटा हिरव्यात! "एकदम फर्स्टक्लास." स्वतःच्या तोंडाने खोटं बोलायची हिंमत नाही, म्हणून माझ्या काट्याने बोलायचा. हलकट!

काल भर दुपारी धरणगावचे भाईदास नाना अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आले. एकेकाळी गावोगावच्या लग्नांत त्यांचाच भोंगा वाजायचा. आता अ‍ॅम्प्लिफायर मुका झालेला. व्हॉल्व्ह ठीक असतील तर तो दुरुस्त करायचा, नाहीतर मोडीत द्यायचा, असं ठरवून आले होते. नीलेशने एकामागून एक व्हॉल्व्ह लावले, धड तापूही दिले नाहीत.

"नाना, सगळे गेले. अ‍ॅम्प्लिफायरसकट इथेच ठेवून जा."

नाना अ‍ॅम्प्लिफायरवरची धूळ रुमालाने पुसत बसले. मग म्हणाले, "भाऊ, मी कापूस मोजाले जास, तवय पहिले सोता काटावर उभा ऱ्हास. मन्हं वजन माले मालूम शे. तुन्हा कपाटमधला चांगला व्हॉल्व्ह लाव बरं येन्हामा."

नीलेशने हसून टाळाटाळ केली. नाना जागचे हलेनात. शेवटी, सकाळीच ज्याचा व्हिडिओ काढला होता तो फर्स्टक्लास व्हॉल्व्ह त्याला लावावा लागला. माझा काटा लाल पट्टीत लोळला. शाब्बास नाना! आता धरा याची मानगूट!

नीलेशचा चेहरा पडला, पण क्षणभरच. मग त्याने माझ्या झाकणावर चापट मारली. "मशीनच खोटं आहे, नाना. अमळनेरच्या नूर महंमदनं घरी बनवलेलं. म्हाताऱ्यानं मलाच फसवलं बघा."

नानांनी वाकून झाकणावरचं नाव वाचलं. "इतला मोठा मिस्तरी, आनि आसं काम? गावमा बठ्ठासले सांगसू." सगळ्या गावाला सांगणार म्हणत, आपले व्हॉल्व्ह आणि अ‍ॅम्प्लिफायर उचलून ते तरातरा निघून गेले.

त्यांचं सामान वाचलं, त्याचं मला बरंच वाटतं. पण चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच! ज्याने बटण उपटलं तो गल्ल्यावर बसून सरबत पितोय, आणि ज्याने ते बसवलं त्याची धरणगावच्या बाजारात बदनामी चालू असेल. मला भंगारात घाला, मी डब्याचा पत्रा, माझं काय जातंय? मिस्त्रींनी मात्र आयुष्यभर एवढं एकच कमावलं, की नूर महंमदनं तपासलं म्हणजे तपासलं.

धरणगावाहून अमळनेर काही लांब नाही. तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार असेल तर आजच जा, मिळेल ती एस.टी. पकडा. खरं काय झालं ते मिस्त्रींना सांगा, आणि ती बातमी पोचायच्या आत सांगा. म्हाताऱ्याचे कान अजून फार तिखट आहेत.