घंट्या थांबल्या तेव्हा मी कानात होतो

मित्रांनो, मी उजव्या कानाचा इअरबड. काळा, हरभऱ्याच्या घाट्याएवढा, टोकाला मऊ रबराची टोपी घातलेला. वय दोन वर्षं. तुमच्यात दोन वर्षांचं लेकरू धड बोलतही नाही, आमच्यात मात्र तेवढ्यात म्हातारपण येतं. माझी बॅटरी आता पाव तासात मान टाकते. माझा डावा भाऊ तर या जगातच नाही. तो कसा गेला तेही सांगणार आहे. गोष्ट मायेची आहे, पण तिच्यात रक्त पुष्कळ आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्मच मुळी मारझोडीत झाला. वितळलेलं प्लास्टिक लोखंडी साच्यात कोंबलं, वरून दाबलं, थंड होण्याआधीच साचा उचकटून आम्हाला बाहेर काढलं. पोटात तारा घालून त्या तापल्या सुईनं डागल्या. मग आम्हाला उंचावरून फरशीवर आपटलं. एकदा नाही, दहादा. जे फुटले ते टोपलीत गेले, जे टिकले ते डबीत. मी टिकलो. तेव्हापासून माझी समजूत झाली, की न फुटणं आणि न पडणं याहून मोठा गुण जगात नाही.

वसमतच्या बाजारपेठेत लालसिंग नावाच्या माणसाचं मोबाइलचं दुकान आहे. तिथं काचेखाली माझ्या शेजारी एक पांढरी जोडी असे. किंमत दोघांची सारखी, अगदी बेताची. पांढऱ्यांना रबराची टोपी नव्हती. ते कानाच्या तोंडाशी नुसते टेकायचे. मी त्यांना मनातल्या मनात हसत असे.

एका सकाळी रागिणी दुकानात आली. ती वसमतच्या वाचनालयात कामाला होती.

"लालसिंगभाऊ, माणसाचं बोलणं स्पष्ट ऐकू येईल असं द्या. गाण्यांचं काही नाही."

"ताई, मग हे काळं देखो. यात दम आहे. आपटून दाखवू?" आणि त्यानं खरंच मला काउंटरवर आपटलं.

"अहो, हळू! आणि पांढरं कसं आहे?"

"पांढरं कानाच्या दारात बसतं. काळं घरात जाऊन कडी लावतं. बाहेरची दुनिया बंद!"

रागिणी हसली आणि तिनं दोन्ही जोड्या घेतल्या. चांगली ठरेल ती वडिलांना, उरेल ती तिला.

तिचे वडील मसाजी सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याला मेंढरं राखत. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पण गोष्टीचं वेड फार. रागिणी लहान असताना मेंढरांच्या वाड्याशेजारी बसून धडे मोठ्यानं वाचायची आणि मसाजी काठीवर हनुवटी टेकून ऐकायचे. ती वसमतला गेल्यावर ते बंद पडलं. मग तिनं एक युक्ती काढली. वाचनालय उघडायच्या आधी अर्धा तास ती पुस्तक घेऊन बसायची, फोनमध्ये मोठ्यानं वाचायची आणि ते वडिलांना पाठवायची. पण माळावरच्या वाऱ्यात फोनचा आवाज उडून जाई. म्हणून आम्ही.

"आठ दिवस हे घाला आबा, आठ दिवस ते. मी सगळं लिहून ठेवते," साखऱ्याला आल्यावर तिनं वही उघडून सांगितलं.

मसाजींचा जोडीदार जळबा हा त्यांचा चुलतभाऊ. दोघांची मेंढरं एकाच माळावर चरत. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "दादा, कानात सरकी घातली का काय?"

"लेक बोलून राहिली कानात."

"आन् वहिनी बोलते तवाच काहून घालतो?"

वाड्याच्या दारात उभ्या असलेल्या गोजरबाईनं, म्हणजे रागिणीच्या आईनं, जळबाकडे शेणाचा गोळा भिरकावला. तो बरोबर त्याच्या पाठीवर बसला.

आता मित्रांनो, एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मसाजींच्या कळपात सात मेंढ्यांच्या गळ्यात घंट्या होत्या. मेंढरं चरत असली की त्या सात ठिकाणी वाजत. मेंढक्या माणसाचं त्यांच्याकडे लक्ष नसतं, जसं तुमचं स्वतःच्या श्वासाकडे नसतं. पण मेंढराला काही दिसलं, कसला वास आला, की सगळा कळप एकदम माना वर करून थिजतो. साती घंट्या एकाच वेळी थांबतात. मेंढका ऐकतो ते हे थांबणं. त्यावर तो झोपेतूनही उठतो.

पहिले आठ दिवस पांढऱ्यांचे होते. मी डबीत, मसाजींच्या बंडीच्या खिशात. डबीचं झाकण आपटून आपटून ढिलं झालेलं, त्यामुळे मला बाहेरचं दिसे. सहाव्या दिवशी दुपारी, सोयाबीन काढलेल्या रानात, ते बांधावर टेकले होते. रागिणीची गोष्ट रंगात आलेली. अचानक मसाजी ताडकन उठले.

"मेंढरं गप झाली," ते म्हणाले आणि काठी उचलली.

ओढ्यातून पाच मोकाट कुत्री वर आली. मसाजी धावेपर्यंत पुढच्या कुत्र्यानं एका कोकराला पोटाला धरून फाडलं होतं. कोकराचा आवाजही नीट निघाला नाही. मसाजींनी पहिला घाव त्या कुत्र्याच्या कमरेवर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी डबीत ऐकला. दुसऱ्यानं त्यांचा डावा हात धरला. त्यांनी हात सोडवून न घेता उलट त्याच्या घशात कोंबला आणि उजव्या हातानं काठीचं टोक डोळ्यात खुपसलं. जळबा कुऱ्हाड घेऊन आला तोवर तीन कुत्री पळाली होती आणि दोन पडली होती. मसाजींच्या कोपरापासून बोटांपर्यंत रक्त निथळत होतं. एक मेंढी फाटलेल्या कोकराला चाटत उभी होती.

एकच कोकरू गेलं. बाकी कळप वाचला. या धावपळीत पांढरा इअरबड कानातून निसटून चिखलात पडला. जळबानं तो शोधून धोतराला पुसला.

पुढचे आठ दिवस माझे. हाताला पट्टी, दवाखान्यातल्या सुया चालू, तरी मसाजी माळावर जात. मी कानात गच्च बसलो. वाकले, धावले, शिंकले, मी हललो नाही. रागिणीचा आवाज मी असा पोचवला, की ती शेजारी बसली आहे असंच वाटावं.

रविवारी ती साखऱ्याला आली. चुलीपुढं बसून तिनं वही भरली. पांढरी जोडी: आवाज पातळ, बाहेरचा गलका आत येतो, पळताना पडते. दहापैकी चार. काळी जोडी: आवाज भरीव, पडत नाही, बाहेरचं काही ऐकू येत नाही. दहापैकी नऊ.

मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

"पांढरं बी वाईट न्हाई माय," मसाजी भाकरी मोडता मोडता म्हणाले. "त्यात मेंढरं बी ऐकू येतेत."

"मेंढरं काय, जन्मभर ऐकताच की आबा. माझं ऐका जरा."

"बरं. तुजं ऐकतो," ते म्हणाले, आणि पांढरी डबी त्यांनी तिच्या पिशवीत ठेवली. ज्याच्यामुळे कळप वाचला, ते पडतं म्हणून नापास झालं. हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

तीन महिने मी सुखात काढले. शिमगा जवळ आला होता. ओढ्याच्या काठची बेशरमीची झुडपं दाट झाली होती. भर दुपारी मसाजी ओढ्याकडे पाठ करून बांधावर बसले. जळबा समोरच्या उतारावर होता.

मित्रांनो, माझ्या पोटात एक बारीक माईक आहे. माझ्या धन्याला बाहेरचं ऐकू येत नसलं तरी मला येतं. साती घंट्या एकदम थांबल्या, ते मला ऐकू आलं. मागं झुडूप मोडलं, ते ऐकू आलं. समोरून जळबा ओरडला, "दादा! ऊठ! मागं बघ, मागं!" तेही ऐकू आलं. मसाजींच्या कानात मात्र गोष्टीतली म्हातारी सुनेला फसवत होती, आणि मसाजी डोळे मिटून गालात हसत होते.

रानडुकरानं त्यांना मागून उचललं. ते बांधाखाली तोंडावर पडले. उठू पाहतात तोच सुळा मांडीत शिरला आणि वर ओढला गेला. धोतर आणि मांडी एकदमच फाटली. मसाजींनी काठी त्याच्या नाकाडावर हाणली. काठी मोडली. मोडकं टोक घेऊन त्यांनी त्याच्या मानेत भोसकलं. ते मागं सरलं, घुरघुरलं आणि दुसऱ्यांदा आलं. या वेळी सुळा बरगडीखाली गेला. माझा डावा भाऊ त्या धडकेत उडून गवतात पडला. मी पडलो नाही. न पडण्याचाच तर माझा लौकिक.

जळबा उतारावरून कसा आला कोण जाणे. त्यानं कुऱ्हाडीचा घाव डुकराच्या खांद्यात घातला. कुऱ्हाड तिथंच अडकली, आणि डुक्कर ती घेऊनच बेशरमीत घुसलं. जळबानं आपला पटका सोडून मांडीला करकचून आवळला. पांढरा पटका बघता बघता लाल झाला.

"दादा, डोळे उघड. बोल माझ्यासंगं."

"मेंढरं मोज रे," मसाजी म्हणाले.

गोष्ट अजून चालूच होती. रागिणीचा आवाज म्हणाला, "थांबा हं आबा, पान उलटते." पान उलटल्याचा आवाज आला. तेवढ्या वेळात माझ्याखालचा कान गार पडू लागला.

जीपमध्ये घातलं तेव्हा ते गेलेले होते.

तेरावा झाल्यावर जळबानं गवतातून शोधून आणलेला माझा भाऊ अंगणातल्या दगडावर ठेवला आणि दुसऱ्या दगडानं ठेचला. पुन्हा ठेचला. काळी पूड झाली तरी तो थांबेना. मग त्यानं मला उचललं.

"कान बंद केले यांनी माज्या भावाचे. म्या बोंबलून राहिलो, बोंबलून राहिलो..."

रागिणीनं त्याचं मनगट धरलं. "काका, हा राहू द्या."

"काहून? पुजायचाय का?"

"मला एक बघायचंय. चला माळावर. एक घंटी घ्या."

गोजरबाईनं तिला अडवलं नाही. तिनंच पुढच्या मेंढीच्या गळ्यातली घंटी सोडून दिली.

त्याच बांधावर रागिणी ओढ्याकडे पाठ करून बसली. "वीस पावलं मागं उभे राहा काका. घंटी वाजवत राहा. मधेच थांबवा. थांबली की मी हात वर करीन." तिनं मला उजव्या कानात घातलं, डावा कान तळव्यानं बंद केला आणि आपलंच वाचन लावलं.

जळबा घंटी वाजवू लागला. मग थांबला. रागिणी तशीच बसलेली. तो पुन्हा वाजवू लागला, पुन्हा थांबला. हात वर झाला नाही. शेवटी तो चालत तिच्या समोर येऊन उभा राहिला. घंटी मुठीत गच्च धरलेली. तेव्हा तिला कळलं, की ती केव्हाची वाजत नाही.

"आता पांढरी," ती म्हणाली.

तीच जागा, तेच वाचन. जळबा थांबला, तिचा हात वर. तो पुन्हा वाजवून थांबला, हात वर. तिसऱ्यांदा थांबल्यावरही हात वर गेला, पण मग तो खाली आलाच नाही. बराच वेळ. जळबानंच येऊन तो धरून हळूच खाली घेतला.

"तुजी चूक न्हाई माय."

"मी विचारलंच नाही काका. आबा सांगत होते. मी विचारलं नाही."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो पुन्हा मेंढरांकडे गेला आणि घंटी त्या मेंढीच्या गळ्यात बांधली.

आता मी वसमतला वाचनालयाच्या खणात असतो. त्या वहीशेजारी. रागिणीनं त्यातलं काही खोडलं नाही. नऊ तसेच आहेत, चार तसेच. दर रविवारी ती साखऱ्याला जाते, पुस्तक घेऊन बांधावर बसते आणि जळबाकाकाला मोठ्यानं वाचून दाखवते. कानात कुणीच काही घालत नाही. घंट्या थांबल्या की ती वाक्याच्या मधेच थांबते.

वाचनालयात येणारी पोरं तिला विचारतात, "ताई, इअरबड घ्यायचेत, कोणते चांगले?" तेव्हा ती खण उघडते, मला टेबलावर ठेवते आणि वही पुढं सरकवते. "कशात काय ऐकू येतं ते दुकानदार सांगेल," ती म्हणते. "कशात काय ऐकू येत नाही, ते तुम्ही बघा."

म्हणून, मित्रांनो, माझं एवढंच मागणं. मला कानात घाला, मी चांगला गातो, चांगलं बोलतो, सहसा पडत नाही. पण रस्त्यावर, रानात, चुलीपुढं, एक कान मोकळा ठेवा. तिकडून कुणीतरी तुम्हाला 'ऊठ' म्हणत असेल. मला ते ऐकू येतं. मला ते सांगता येत नाही.