चौदा सेकंदांचे हात

मी एक जुना कृष्णधवल चित्रपट आहे. मित्रांनो, 'खोट्या नोटांचा तो गाजलेला सिनेमा' अशी लोक माझी ओळख करून देतात आणि मी मनातल्या मनात खजील होतो. माझ्यातल्या नोटा खोट्या आहेत हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यात फसवणूक नव्हती. माझ्यात खोटे होते ते वेगळेच, जेमतेम चौदा सेकंदांचे, आणि त्यापायी एका निरपराध माणसाचे वाटोळे झाले.

माझे शरीर म्हणजे अकरा रिळे. फिल्मची एक बाजू चकचकीत, दुसरी मंद. चित्राच्या कडेने आवाजाची एक बारीक पट्टी धावते. त्या पट्टीमुळे मला बोलपट म्हणायचे. नावालाच बोलपट! दुसऱ्याने लिहून दिलेले घडाघडा बोलतो, पण स्वतःच्या मनातले एक अक्षर काढता येत नाही. आलेच असते तर ही गोष्ट तुम्हाला सांगायची वेळ आली नसती.

माझी कथा साधी आहे. छापखान्यातला एक कसबी हाताचा कारागीर लोभाला बळी पडून नोटांचे ठसे कोरतो आणि शेवटी पकडला जातो. माझे दिग्दर्शक भारी काटेकोर. 'खोटेपणा खरा दिसला पाहिजे,' हे त्यांचे पालुपद होते. कारागिराचे काम करणारा नट दिसायला राजबिंडा होता, पण त्याच्या हातात कोरणी दिली तेव्हा त्याने पत्रा सोडून स्वतःचे बोट तीनदा कोरले. मग दिग्दर्शकांनी खऱ्या कारागिराचा शोध घेतला.

एका गावात दोन भावांचे शिक्के आणि ठसे कोरायचे छोटे दुकान होते. थोरला उजव्या हाताचा, संसारी, तीन लेकरांचा बाप. धाकटा डावखुरा, म्हणून सगळे त्याला डावऱ्या म्हणत. त्याचे लग्न ठरले होते. धाकट्याचा हात थोरल्याहूनही बारीक चालायचा, हे थोरला स्वतःच कौतुकाने सांगायचा. चित्रीकरणाच्या दिवशी धाकटा परगावी गेला होता, म्हणून थोरला एकटाच आला. त्याने तांब्याच्या पत्र्यावर वेलबुट्टी कोरली आणि मधोमध 'शंभर' हा शब्द कोरला. ठशावरची अक्षरे नेहमी उलटी कोरतात, म्हणजे कागदावर ती सुलटी उमटतात. थोरल्याने सवयीप्रमाणे उलटीच कोरली. कॅमेऱ्याने त्याचे तोंड टाळून फक्त हात आणि छातीवरचा सदरा टिपला.

पुढची भानगड संकलनाच्या खोलीत झाली. संकलक कपाळाला हात लावून बसले होते.

"साहेब, आपला नट डावखुरा आहे. आधीच्या शॉटमध्ये कोरणी त्याच्या डाव्या हातात आहे. आणि इथे ती उजव्या हातात. लोक हसतील."

"मग तुकडा पलटी करून टाका," दिग्दर्शक म्हणाले. "हातांना काय तोंड असतं ओळखायला?"

तसेच झाले. उजवा हात डावा झाला. उलटा 'शंभर' सुलटा झाला. खरे तर त्या ठशावरून नोट छापली असती तर ती आरशात धरूनच खर्च करावी लागली असती! पण प्रेक्षकांना अक्षर वाचता आले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. नटाने मासिकात मुलाखत दिली की आपण हे काम सहा आठवडे घाम गाळून शिकलो. दिग्दर्शकांनी थोरल्याला विनंती केली होती की हात तुमचे होते हे कुठे बोलू नका. थोरल्याने शब्द दिला. त्याला त्यात काही वावगे वाटले नाही, आणि मलाही वाटले नाही. लोकांनी मला डोक्यावर घेतले होते. मी फुशारून गेलो होतो, हे कबूल करतो.

त्या भावांच्या गावी मी वीस आठवडे चाललो. पहिल्या खेळाला दोघे पुढच्या रांगेत शेजारीशेजारी बसले होते. पडद्यावरून मला प्रेक्षक चांगले दिसतात. ते चौदा सेकंद आले तेव्हा थोरल्याने मान खाली घातली. धाकटा पुढे वाकला, डोळे बारीक करून पाहू लागला आणि मग सावकाश पाठ टेकून बसला. त्याला काही उमगले नाही, असे मी धरून चाललो.

पाचव्या महिन्यात गावच्या बाजारात खोट्या नोटा सापडल्या. आता गंमत पाहा मित्रांनो, गावात ठसे कोरणारा डावखुरा माणूस एकच होता. आणि अख्ख्या गावाने डाव्या हाताने कोरलेला 'शंभर' डोळ्यांनी पाहिला होता. कुणीतरी म्हणाले, "अहो, सिनेमातले हात त्याचेच आहेत की! तिथेच हात बसवला असेल." दुसऱ्या दिवशी सगळे गाव तेच बोलत होते. पोलिसांनी दुकान उलथेपालथे केले आणि धाकट्याला तीन दिवस चौकीत बसवून ठेवले. काहीच सापडले नाही, तेव्हा सोडून दिले.

पोलिसांनी सोडले, पण गावाने सोडले नाही. मुलीकडच्यांनी लग्न मोडले. शाळेने शिक्क्याचे काम परत नेले. दुकान बुडायची वेळ आली, तेव्हा धाकटा आपण होऊन बाहेर पडला आणि एका लाकडाच्या वखारीत ओंडक्यांवर रंगाने नंबर घालायच्या कामाला लागला. वेलबुट्टीच्या पाकळीला शिरा काढणारा हात तो! वर्षभराने खरे गुन्हेगार दूरच्या शहरात पकडले गेले. ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली. माझी जाहिरात तेव्हाही पहिल्या पानावर होती.

थोरला मूग गिळून बसला. आधी पोलिसांची भीती, मग दिलेल्या शब्दाची सबब, मग इतके दिवस का बोलला नाहीस याची लाज. मी त्याला नावे ठेवणार नाही. मीही रोज तीन खेळ तेच खोटे दाखवत होतो आणि टाळ्या घेत होतो.

मग रंगीत सिनेमे आले आणि माझी रवानगी एका गोदामात झाली. डबे गंजले. माझ्या अंगाला आंबूस वास येऊ लागला, कडा आक्रसल्या. कितीतरी वर्षे मला कोणी विचारले नाही. खरे सांगू? मला ते बरे वाटत होते. डब्यात असेपर्यंत माझ्याकडून कोणाचे नुकसान होत नव्हते.

शेवटी जुने चित्रपट जपणाऱ्या एका संस्थेने मला उचलून आणले. तिथे फिल्म दुरुस्त करणाऱ्या एक बाई होत्या. पांढरे हातमोजे घालून त्या माझा एकेक फूट भिंगाखाली बघत. सातव्या रिळावर त्या थबकल्या.

"हे काय गं बाई! याच्या सदऱ्याची बटणं बायकांच्या बाजूला कशी?" त्या स्वतःशीच बोलल्या. मग त्यांनी तुकडा उलटून धरला, डावखुऱ्या नटाच्या जागी उजवा हात दिसला आणि त्या हसल्या.

 इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मला पकडले होते.

बाईंनी सुलट केलेले एक चित्र वर्तमानपत्रात दिले. खाली लिहिले, 'हे हात कोणाचे, माहीत असल्यास कळवावे.' मंगळवारी एक म्हातारा कात्रण घेऊन आला. धाकटाच तो. बाईंनी खुर्ची दिली.

"काका, तुम्ही ओळखता हे हात?"

"दादाचे आहेत. माझ्या थोरल्या भावाचे."

"आज ओळखलेत?"

"छे हो. पहिल्याच खेळाला ओळखले. ठशावरची अक्षरं सुलटी कशी असतील? म्हटलं, चित्र उलटं आहे. उलटं म्हणजे हात उजवा. उजवा म्हणजे दादा."

बाईंनी हातातले भिंग खाली ठेवले. "मग पोलिसांना सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर दादाला नेलं असतं. त्याची तीन लेकरं होती, मी सडाफटिंग. आणि नंतर सांगून काय करायचं? त्याला मान खाली घालायला लावायची? दर रविवारी वहिनीच्या हातचं जेवतो मी. चाललंय ते बरं चाललंय. तुम्ही पण कुठे बोलू नका."

मित्रांनो, तो दिवस मी विसरू शकत नाही. त्याला काही उमगले नाही असे मी समजत होतो, आणि त्याने सारे समजून आपले आयुष्य भावावरून ओवाळून टाकले होते.

शुक्रवारी दुसरा म्हातारा आला. त्याच्याही हातात तेच कात्रण. तो बसलासुद्धा नाही.

"बाई, हे माझे हात आहेत. माझ्या भावाला लोकांनी चोर ठरवलं आणि मी गप्प राहिलो. आता तुम्हीच त्याला सांगा. माझ्याच्यानं होत नाही."

बाईंनी कबूल केले होते की बोलणार नाही, पण त्यांना राहवले नाही. "काका, त्यांना माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या खेळापासून."

थोरल्याने खुर्ची ओढून घेतली. "आणि दर रविवारी माझ्या शेजारी बसून जेवत होता," तो म्हणाला. मग कात्रण बाईंच्या पुढे सरकवून म्हणाला, "तो तुकडा सुलटा करून दाखवा. सगळ्यांसमोर."

बाईंनी मूळ तुकडा चिठ्ठी लावून वेगळ्या डबीत जपून ठेवला आणि त्याची प्रत उलटून माझ्या सातव्या रिळात जोडली. उलटताना आवाजाची पट्टी दुसऱ्या कडेला गेली. म्हणजे त्या चौदा सेकंदांत मी मुका होणार होतो.

खेळाला साठेक माणसे आली होती. पुष्कळशी त्या गावची, आता म्हातारी झालेली. दोघे भाऊ शेजारीशेजारी बसले होते. सातवे रीळ लागले. नटाच्या डाव्या हातात कोरणी दिसली आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर उजवा हात आला. आवाज बंद पडला. लोक चुळबुळले. त्या शांततेत थोरला उठून उभा राहिला. त्याचे डोके माझ्या पडद्यावर काळे उमटले.

"हे हात माझे आहेत," तो मोठ्याने म्हणाला. "माझ्या भावाचे नाहीत. तेव्हाही माझेच होते. मी भ्यालो. त्याचं सगळं माझ्यामुळे गेलं."

 धाकट्याने त्याच्या सदऱ्याचे टोक धरून खाली ओढले.

"दादा, बस खाली. मागच्यांना दिसत नाहीये."

थोरला बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. धाकट्याने त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि दोघे शेवटपर्यंत तसेच बसून राहिले.

मित्रांनो, त्यामुळे माझी अपराधाची टोचणी गेली नाही. मोडलेले लग्न परत जुळले नाही आणि वखारीत गेलेली वर्षेही परत आली नाहीत. म्हणून मी हात जोडून एवढेच मागतो. पडद्यावर काही पाहिलेत तर त्यावरून शेजारच्या माणसाला चोर ठरवू नका. खरे काय ते तुम्हाला माहीत असेल तर त्याच दिवशी बोला. आणि जमले तर मला जपा. बाकीची दहा रिळे विरून गेली तरी माझी तक्रार नाही, पण ते चौदा मुके सेकंद मात्र सांभाळा. माझ्यात तेवढेच खरे आहे.